नाताळची सुट्टी आणि करवीरचीं खेडीं

आपल्या पंचांगांत ज्या सणाला जागा नाहीं, ज्या दिवशीं हिंदु घरांत देवापुढें वेगळा दिवा लागत नाहीं कीं चुलीवर पुरण शिजत नाहीं, अशा एका सणाची वाट आपल्याकडील शिकलेल्या कुटुंबांनीं दोन-तीन पिढ्या मोठ्या आतुरतेनें पाहिली. तो सण म्हणजे नाताळ. येशू ख्रिस्ताच्या जन्माशीं ज्यांचा भक्तीचा संबंध नव्हता, असे वकील, मास्तर, कारकून व त्यांचीं मुलेंबाळें डिसेंबरची पंचवीस तारीख जवळ आली कीं वळकट्या बांधूं लागत आणि गांवाकडे निघत. कोल्हापूर व त्याच्या आसपासचा मुलूख यांपुरतें बोलावयाचें तर ही चाल इतकी अंगवळणी पडली होती कीं, तिला कांहीं इतिहास असेल ही कल्पनाहि कोणाला शिवत नसे. तो इतिहास आहे, आणि आम्हांस तो नमूद करण्याजोगा वाटतो.

प्रथम नांवच पहा. नाताळ हा शब्द इंग्रजांकडून आलेला नाहीं. तो पोर्तुगीज आहे, ‘जन्माचा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालेला, आणि गोव्याच्या वाटेनें घाट चढून मराठींत रुळलेला. वास्को द गामा १४९७ सालीं हिंदुस्थानची वाट शोधीत असतां ऐन ख्रिस्तजन्माच्या सुमारास आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळ पोंचला, त्या किनाऱ्यालाहि त्यानें हेंच नांव दिलें. गांधींनीं आपल्या हयातीचीं ऐन उमेदीचीं वर्षें ज्या नाताळ वसाहतींत घालविलीं तीच ही. म्हणजे गुऱ्हाळावर निघालेल्या कोल्हापूरच्या पोराच्या तोंडीं जो शब्द होता तोच दर्बानच्या बंदरावर उतरणाऱ्या हिंदी मजुराच्या तोंडीं होता. शब्दांचे प्रवास माणसांच्या प्रवासाहून विचित्र असतात.

नांव पोर्तुगीजांचें, सुट्टी मात्र इंग्रजांची. १८८१ च्या हुंड्यांविषयींच्या कायद्यांत सार्वजनिक सुट्टी कशास म्हणावें हें ठरवितांना रविवार, इंग्रजी वर्षाचा पहिला दिवस, नाताळ व गुड फ्रायडे एवढेच दिवस नांवानिशीं घातले होते. बाकीचे दिवस प्रांतिक सरकारांनीं जाहीर करावयाचे. दिवाळी ही जाहीर करावी लागणारी, आणि नाताळ मूळ कायद्यांतच बसलेला, असा तो थाट होता. हायकोर्टें बंद, त्यांच्या मागोमाग जिल्ह्याचीं कोर्टें बंद, कलेक्टरसाहेब शिकारीला, आणि साहेब नाहीं म्हणजे कचेरींत काम नाहीं! साहेबाच्या बंगल्यावर फळांच्या व मिठाईच्या डाल्या पोंचविल्या कीं हिंदी नोकरवर्ग मोकळा होत असे.

करवीर हें इंग्रजी हद्दीबाहेरचें राज्य. तेथें अंबाबाईचें नवरात्र व दसरा हे खरे राजसण. तरी राज्य जरी छत्रपतींचें असलें, तरी पोलिटिकल एजंटाची कचेरी, टपाल, रेल्वे आणि मुंबईची युनिव्हर्सिटी या चार दोऱ्यांनीं तें इंग्रजी वर्षाला बांधलें गेलें होतें. १८८० सालीं राजाराम हायस्कुलाचें कॉलेज झालें तें मुंबईच्या युनिव्हर्सिटीला जोडूनच. तिच्या टर्मा त्या याच्या टर्मा. ज्यांचें नांव या कॉलेजास दिलें ते राजाराम महाराज विलायतेहून परत येतांना १८७० च्या नोव्हेंबरअखेर इटलींत फ्लॉरेन्स येथें निवर्तले होते. हा योगायोगच, पण करवीरच्या विद्येचें नातें युरोपच्या हिवाळ्याशीं अशा दुःखद रीतीनेंहि जडलेलें आहे.

मग १८९१ सालीं मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आगगाडी आली. अंतर तीस मैलांच्या आंतलें; पण या छोट्या फांट्यानें सुट्टीचें स्वरूप बदललें. पूर्वीं पुण्यास किंवा मुंबईस नोकरीला गेलेला माणूस दिवाळीला आला तर आला. आठ-दहा दिवसांच्या सुट्टींत बैलगाडीनें घर गांठणें परवडत नसे. आतां मिरजेला गाडी बदलली कीं हातकणंगले, रुकडी करीत तो घरच्या आंगणांत. स्टेशनावर गांवाकडचा छकडा येऊन उभा असे, त्यांत कडब्यावर घोंगडें अंथरलेलें असे, आणि बैलांच्या घंटांच्या आवाजांत उरलेली वाट सरे.

परंतु सवड आणि गाडी एवढ्यानें कोणी खेड्याकडे जात नाहीं. तेथें जाण्याजोगें कांहीं असावें लागतें. नाताळचे दिवस आणि करवीर प्रांताचे दिवस यांची जी गांठ पडली ती पाहण्यासारखी आहे. सूर्य धनु राशींत असतो तो काळ डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा. धनुर्मास हा चंद्रावर नव्हे, सूर्यावर चालणारा असल्यामुळें पंचवीस डिसेंबर दरवर्षीं त्याच्या पोटांत येतो. उजाडतां उजाडतां मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांग्याचें भरीत असें जेवण देवाला दाखवून घरानें जेवावयाचें, ही आपली जुनी रीत. शहरांत दहाच्या कचेरीला धांवणाऱ्यास ती पाळतां येत नाहीं, गांवीं येते. शिवाय मार्गशीर्षांतली दत्तजयंती कित्येक वर्षीं नाताळच्या आगेंमागें येते (२०२३ सालीं ती २६ डिसेंबरलाच आली), आणि मग नरसोबाच्या वाडीचा घांट माणसांनीं फुलून जातो. शिरोळ-हातकणंगले भागांतलीं जैन कुटुंबें याच सवडींत बाहुबलीच्या डोंगराचें दर्शन उरकून घेत. येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं आपली मकरसंक्रांत खऱ्या उत्तरायणाच्या दिवशीं, म्हणजे आजच्या हिशेबानें नाताळच्या तीन-चार दिवस आधीं येत असे. अयनांश वाढत गेले आणि ती जानेवारीच्या चौदा-पंधरावर सरकली. दिवस वाढूं लागला याचा आनंद पूर्वेस आणि पश्चिमेस एकाच सुमारास मानला जाई. मधला फरक ज्योतिषानें पाडला आहे.

पण खरें आकर्षण गुऱ्हाळाचें. दिवाळी झाली कीं पंचगंगेच्या व वारणेच्या कांठच्या मळ्यांतून चुलवाणें पेटत, तीं उन्हाळा लागेपर्यंत विझत नसत. नाताळांत हा हंगाम ऐन रंगांत आलेला असे. ज्यांनीं जुनें बैलांचें गुऱ्हाळ पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें सांगतों. मळ्याच्या कडेला चरक रोवलेला असे. त्याच्या आडव्या लाकडाला बैल जुंपलेले, आणि ते रात्रंदिवस एका वर्तुळांत फिरत. चरकाशीं बसलेला गडी दोन-दोन, तीन-तीन ऊंस दातांत भरी आणि पलीकडून चिपाडें बाहेर पडत. रस गाळून लोखंडी काहिलींत जाई. काहील म्हणजे केवढी, तर चार-पांच माणसें आंत उतरलीं तरी दाटी होऊं नये एवढी. तिच्याखालीं जमिनींत खोदलेलें चुलवाण, आणि त्यांत त्याच उसाचीं वाळलेलीं चिपाडें जळण म्हणून ढकलीत राहावयाचें. ऊंस आपल्याच रसाला आपल्या हाडांनीं शिजवितो, असें एका म्हाताऱ्या गुळव्याच्या तोंडून आम्हीं ऐकलें आहे.

या साऱ्या कारभाराचा राजा गुळव्या. रस उकळूं लागला म्हणजे तो भेंडीच्या ठेंचलेल्या खोडांचें चिकट पाणी त्यांत सोडी. त्यानें मळी वर येई, ती झाऱ्यानें काढून टाकावयाची. चुना किती टाकावा, जाळ केव्हां मारावा, केव्हां ओढून घ्यावा, हें त्याच्या डोळ्यांवर व नाकावर चाले. त्याच्याजवळ घड्याळ नसे कीं उष्णतामापक नळी नसे. पाण्यांत थेंब टाकून बोटांनीं त्याची गोळी वळून पाही, आणि ती भांड्यावर मारून आवाज ऐकला कीं ‘उतरा’ म्हणून ओरडे. त्या शब्दासरशीं पांच-सहा गडी काहिलीला दांडे घालून ती वाफ्यांत ओतीत. एक क्षण चुकला तर आदण बिघडे, आणि शंभर मण उसापासून जो दहा-अकरा मण गूळ पडावयाचा तो बाजारांत पडेल भावानें जाई. वाफ्यांत घोटून निवालेला गूळ मग कापड घातलेल्या भांड्यांत भरून त्याचे रवे पाडीत आणि गाड्या शहराकडे निघत. शाहूमहाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली ती मुख्यतः या व्यापाराकरितां. १९१२-१३ च्या पिढीला जी भरभराट दिसली तिचा पाया या पिवळ्या ढेपांवर होता. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालें तें या परंपरेचेंच उशिरा आलेलें प्रमाणपत्र म्हणावयाचें.

मुलांना यांतलें अर्थशास्त्र काय कळणार! त्यांचें लक्ष काकवीकडे. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस, ऊंस आणि गरम गूळ यांना नाहीं म्हणावयाचें नाहीं, हा मळ्याचा धर्म होता, आणि तो वाटसरूसहि लागू असे. शेंगदाणे घरून न्यावयाचे, निवत आलेल्या गुळांत घोळून खावयाचे, हात चिकट झाले कीं पाटाच्या पाण्यांत धुवावयाचे. रात्रीं चुलवाणाच्या तोंडाशीं बसलें कीं पुढून अंग भाजे आणि पाठीला थंडी चावे. कोल्हापूरच्या शाळांतून पुढें मोठ्या झालेल्या किती माणसांच्या मनांत सुट्टी या शब्दाला उकळत्या रसाचा वास चिकटलेला असेल याची गणती नाहीं.

येथें आम्हांस थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्या आठ दिवसांत विश्रांति कोणाला मिळे? शहरांतून आलेल्या वकिलाला मिळे. तो उशिरा उठे, उन्हांत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाची आणि दुपारीं वामकुक्षि करी. परंतु ज्या मळ्याचें सौंदर्य तो पाही, त्या मळ्यांतल्या माणसांचे वर्षांतले सर्वांत राबणुकीचे दिवस तेच होते. चरक रात्रीं थांबत नसे. बैल बदलत, माणूस बदलत नसे. आणि घरांत? शहरांत चार माणसांचा स्वयंपाक करणारी बाई गांवीं येऊन पंचवीस पानांच्या पंगतीला लागे. पहाटेची धनुर्मासाची खिचडी आपोआप शिजत नव्हती. तिच्यासाठीं कोणी तरी चार वाजतां उठून चूल पेटविलेली असे. सासूच्या हाताखालीं, नणंदेच्या नजरेखालीं, ओलें जळण फुंकीत बसलेल्या त्या सूनबाईला नाताळची सुट्टी कशी वाटली हें लिहून ठेवण्याची तसदी आमच्या लेखकांनीं फारशी घेतली नाहीं. माहेर गांवाकडचें असलें तरच तिला खरी सुट्टी लाभे. आणि तिकडे जाण्याचा प्रश्न पुष्कळदां ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ या शब्दांनीं सुटे.

गंमत अशी कीं, पुरुषवर्गांतल्या कित्येकांनींहि ही विश्रांति आपण होऊन टाकून दिली. राष्ट्रीय सभा दरसाल नाताळांत भरे ती याच सवडीमुळें. १८८५ सालचें तिचें पहिलें अधिवेशन पुण्यास व्हावयाचें होतें. तेथें पटकीची सांथ आल्यामुळें तें मुंबईस हलविलें आणि २८ डिसेंबरला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत भरलें. साहेबाच्या सणाच्या सुट्टींत साहेबाच्या राज्याविरुद्ध गाऱ्हाणीं मांडावयाचीं, हा प्रकार इंग्रजांच्या ध्यानांत आला नसेल असें नाहीं. कागलास प्राथमिक शिक्षण घेऊन कोल्हापुरांत शिकावयास आलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०५ च्या डिसेंबरांत काशीच्या सभेचे अध्यक्ष झाले. दोन वर्षांनीं त्याच आठवड्यांत सुरतेस मांडवांत जोडा उडाला आणि सभा मोडली. सामाजिक परिषदा, शिक्षणपरिषदा यांचेंहि तेंच. शाहूमहाराजांनीं १९१७ च्या डिसेंबरांत वऱ्हाडांत खामगांव येथें मराठा शिक्षणपरिषदेचें अध्यक्षपद घेतलें. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांनीं मनुस्मृतीचें दहन केलें तोहि दिवस २५ डिसेंबरच. म्हणजे गेल्या शतकांतल्या महाराष्ट्राचा बराचसा सार्वजनिक इतिहास नाताळच्या आठवड्यांत घडला आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

करवीरच्या दाराशीं ही लाट आली ती १९२४ सालीं. बेळगांव कोल्हापुराहून सत्तर मैलांच्या आंत. तेथें २६ व २७ डिसेंबरला राष्ट्रीय सभा भरली, आणि गांधी अध्यक्ष झालेली ती एकमेव सभा. गंगाधरराव देशपांडे यांनीं टिळकवाडीच्या माळावर विजयनगर उभें केलें आणि पाण्यासाठीं मोठी विहीर खणविली. ती विहीर अद्यापि आहे. मग १९३६ सालीं खानदेशांत फैजपुरास, प्रथमच एका खेड्यांत, सभा भरविली. नंदलाल बोसांच्या देखरेखीखालीं बांबूंचें टिळकनगर सजलें आणि जवाहरलाल अध्यक्ष म्हणून आले. डिसेंबरची थंडी गरीब प्रतिनिधींस सोसत नाहीं म्हणून लाहोरास १९२९ सालीं सभेची वेळ फेब्रुवारी-मार्चकडे नेण्याचें ठरलें होतें. फैजपूरला मात्र पुन्हां नाताळचाच आठवडा आला. खेड्याकडे चला असें नेत्यांनीं सांगावयाच्या कितीतरी आधीं गुळाच्या वासावर खेड्याकडे जाणारी मध्यमवर्गीय मंडळी होतीच; पण त्यांचें जाणें वेगळें आणि हें जाणें वेगळें.

आतां ज्यांचा हा सण त्यांच्याकडे वळूं. अमेरिकेचे मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ सालीं कोल्हापुरास आले. १८७० सालीं तें मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलें. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ सालीं कोल्हापुरांतच जन्मला आणि पुढें अमेरिकेंतील विद्यार्थ्यांच्या मिशन-चळवळीचा एक प्रवर्तक झाला. मिरजेस डॉ. वॉनलेस यांनीं उभारलेला दवाखाना तर सर्व दक्षिण महाराष्ट्राच्या ओळखीचा. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या बाजूस कोडोली येथें मिशनचें ठाणें होऊन तेथें व आसपास ख्रिस्ती वस्ती वाढली. हे लोक बहुतेक तेथलेच, अस्पृश्य मानलेल्या जातींतले, गांवकुसाबाहेरचे. त्यांचीं मुलें शिकून कोल्हापूर-मिरजेच्या शाळांतून मास्तर झालीं, दवाखान्यांतून परिचारिका झालीं. आणि नाताळांत तींहि आपल्या गांवीं परत जात. त्यांच्या घरीं करंज्या, चकल्या, शेव होत, दारावर कागदी चांदणी लागे, आणि ख्रिस्तजन्माचीं पदें टाळ-मृदंगावर म्हटलीं जात. दिवाळींतले पदार्थ आणि वारकऱ्यांचीं वाद्यें घेऊन हा परका म्हटला गेलेला सण मराठी खेड्यांत किती सहज बसला! आणि तरी एकाच गाडींतून उतरून एकाच गांवाकडे जाणारे दोन मास्तर वेशीपाशीं वेगळे होत. एक वाड्याकडे, एक वस्तीकडे. सुट्टीचा धनी खरा कोण, हा विचार वाड्याकडे जाणाऱ्याच्या मनांत येत असे कीं नाहीं कोण जाणे.

पन्हाळ्याचा उल्लेख केल्याशिवाय कोल्हापूरच्या सुट्टीची हकीकत पुरी होत नाहीं. शहराहून बारा मैल आणि समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर. १६६० च्या जुलैंत सिद्दी जोहराच्या वेढ्यांतून शिवाजीमहाराज निसटले तो हा गड. कवि मोरोपंतांचें हें जन्मस्थान. आणि १८४४ सालीं गडकऱ्यांनीं बंड केलें तेव्हां १ डिसेंबरला इंग्रजांनीं तोफा लावून तो घेतला. पुढें त्याच गडावर संस्थानच्या अधिकाऱ्यांचे, गोऱ्या साहेबांचे व मिशनच्या मंडळींचे हवा खाण्याचे बंगले झाले. सोमेश्वर तळ्यावर पाणी पीत बसलेल्या सहलकऱ्यास हें सगळें आठवावें असा आमचा आग्रह नाहीं; तीन दरवाजांतून सूर्यास्त पाहणें हेंहि पुरेसें आहे. जुलै २०२५ मध्यें मराठा सैनिकी स्थापत्याच्या बारा दुर्गांत पन्हाळ्याचा जागतिक वारसायादींत समावेश झाला.

ही सुट्टी मोडली कशी? एकदम मोडली नाहीं. शाहूमहाराजांनीं १९१८ सालीं कुलकर्णी-वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हां कांहीं घराण्यांचा गांवाशीं असलेला अधिकाराचा दुवा सैल झाला. तरी वाडा होता, मळा होता. मग ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधींचा खून झाला, आणि खुन्याच्या जातीवरून कोल्हापूर, सांगली व सातारा भागांत ब्राह्मणांचीं घरें जळालीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. खेड्यांतले कित्येक वाडे पेटले. ज्या ओसरीवर नाताळांत वळकट्या सोडल्या जात त्या ओसरीच्या जागीं कोळसा झालेले खांब उरले. हा अन्याय होता, आणि तो सौम्य शब्दांनीं झांकण्याचें कारण नाहीं. ज्यांचा त्या खुनाशीं कांहीं संबंध नव्हता अशीं माणसें अंगावरच्या वस्त्रानिशीं शहराकडे निघालीं, तीं पुष्कळशीं परत आलींच नाहींत.

त्याच्या पुढची गोष्ट मात्र आम्हीं त्याच मापानें मोजूं इच्छीत नाहीं. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४८ च्या कुळकायद्यानें आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानें कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याकडे गेली. यांत अनेक मध्यमवर्गीय घरांचे मळे गेले, विधवांचें पोट ज्यावर चाले अशा चार बिघे जमिनीहि गेल्या, आणि त्याबद्दलची हळहळ अद्याप ऐकूं येते. परंतु नाताळांत आपण जो गूळ खाल्ला तो ज्यानें रात्रभर जागून काढला त्याचा त्या जमिनीवर हक्क होता हें नाकारावयास आमच्याजवळ शब्द नाहींत. वाडा जळणें ही एक गोष्ट आणि सात-बाऱ्यावरचें नांव बदलणें ही दुसरी. आमच्या वर्गाच्या बोलण्यांत या दोन्ही एकाच दुःखांत मिसळून येतात. तें समजण्यासारखें असलें तरी बरोबर नाहीं.

पुढें साखरेनें गुळाला मागें टाकलें. बैलांचा चरक जाऊन इंजिन आलें, मग वीज आली, आणि मग ऊंसच कारखान्याकडे वळला. कोडोलीच्या शेजारींच तात्यासाहेब कोरे यांनीं वारणेचा सहकारी कारखाना उभारला आणि वारणानगर वसलें. गुऱ्हाळें राहिलीं, पण थोडीं. गुळव्याच्या मुलाला गुळव्या व्हावयाचें नाहीं. मराठी शाळांची लांब सुट्टी आज दिवाळीची. नाताळचा तेवढा एक दिवस. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून व मुंबईच्या हायकोर्टांत तो अजून आठवड्यापलीकडे पसरलेला आहे, आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत पन्हाळ्याच्या वाटेवर मोटारींची रांग लागते ती त्यांच्या व माहितीतंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांतल्या मंडळींची. ज्यांना गांव उरलें नाहीं त्यांच्यासाठीं आतां शेतावरचीं पाहुणघरें आहेत. तेथें पैसे भरून चूल, बैलगाडी व झुणका-भाकर मिळते. कणेरीच्या मठांत तर जुन्या खेड्याचें प्रदर्शनच उभारलें आहे. नांगरणारा शेतकरी, न्हावी, कुंभार, पाण्याला निघालेली बाई, सगळीं सिमेंटचीं आणि हुबेहूब. मुलें तीं पाहून हरखतात. आम्हांसहि तें काम आवडलें. फक्त सिमेंटच्या बैलाला हात लावून पाहणाऱ्या एका मुलीनें हा खराच असा असतो का म्हणून आईला विचारलें, तेव्हां आईलाहि नक्की सांगतां येईना.

त्याच दिवसांत त्याच रस्त्याच्या कडेला, कारखान्यांच्या आसपास, पाचटाच्या व ताडपत्रीच्या कोपी उभ्या असतात. बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर दुष्काळी भागांतून दिवाळीच्या सुमारास आलेलीं ऊंसतोड्यांचीं हीं कुटुंबें. नवराबायकोच्या जोडीला मिळून त्या धंद्यांत ‘एक कोयता’ म्हणतात, आणि उचल दिली जाते ती कोयत्यावर. पहाटे तीनला फड गांठावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, गाडी भरावयाची. धाकटें मूल फडाच्या बांधावर चिंध्यांच्या झोळीत. मोठ्या मुलांसाठीं साखरशाळा निघाल्या, कांहीं चालल्या, कांहीं बंद पडल्या. नाताळांत सहकुटुंब करवीरच्या खेड्यांत राहणारीं सर्वांत मोठ्या संख्येचीं कुटुंबें आज हींच आहेत, आणि मार्चअखेर गाळप संपलें म्हणजे तीं आपापल्या गांवीं परत जातात.